शके कुणाचे?

पाडव्याच्या आदल्या रात्री चुलतभावाचा निरोप आला: ‘आपलं नववर्ष शालिवाहन शके 1948. परकीयांचं सगळं हद्दपार करा.’ मी इंग्लंडात कोल्चेस्टरला राहतो. त्याला लिहिलं, अरे, ‘शके’ हाच शब्द परकीयांचा. मध्य आशियातून आलेले ते शक. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांच्यातल्या क्षहरात घराण्याच्या नहपान राजाला हरवलं. आई बलश्रीने नाशिकच्या लेण्यात ‘शक-यवन-पल्हवांचा नाश करणारा’ असं त्याला गौरवलं. आणि आपण वर्षं मोजतो ती शकांच्या नावाने!

1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची 13 हजारांवर नाणी सापडली. त्यातल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीचा छाप आहे. त्याने ती वितळवली नाहीत, आपला ठसा वरून मारला. खाली नहपान अजून डोकावतो. त्याचा जावई उषवदात तर शक असून ब्राह्मणांना गाई आणि भिक्षूंना लेणं देत होता. पुढे रुद्रदामन या शक राजाने गिरनारला लेख कोरवला तो संस्कृतात, आपले सातवाहन प्राकृतात लिहीत असताना. आता कोण कुणात मुरलं ते सांगा.

माझ्या गावात रस्ता खणला की जळक्या लाल मातीचा थर लागतो. इ.स. 60-61 मध्ये इथल्या बुडिका राणीने रोमनांची ही वसाहत जाळली. सम्राट क्लॉडियसच्या देवळात दडलेले रोमन दोन दिवस टिकले. शेवटी तीच हरली. मग अ‍ॅग्रिकोला या रोमन सुभेदाराने इथल्या सरदारांच्या पोरांना लॅटिन शिकवलं, टोगा हा रोमन झगा आला, हमाम आले. त्याचा जावई (इथेही जावईच!) इतिहासकार टॅसिटस लिहून गेला, की भाबडे लोक ज्याला सुधारणा म्हणत होते, तो गुलामीचाच भाग होता.

हे मला बोचतं. सातकर्णी जिंकलेला होता, म्हणून ठसा त्याचा. टोगा चढवणारे हरलेले होते. मीही ऑफिसात सोयीसाठी नाव अर्धं करून सांगतो, तेव्हा भावाचा राग अगदीच पोकळ नाही हे कळतं. त्याचा उपाय मात्र पटत नाही. 1902 साली लंडनला टेम्सकाठी बुडिकाचा पुतळा बसवला, तेव्हा हेच इंग्रज आपल्यावर राज्य करत होते आणि चौथऱ्यावरची अक्षरं होती रोमन. तिच्या नावाने ती लिपी हाकला म्हणणारा इथे मला अजून भेटला नाही.

भावाचं उत्तर आलं: ‘तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस.’ तेही खरंच. गुढी मी उभारली, कडुलिंबाशिवाय.