अकाउंटंटचा पगार कोण देणार?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींत महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेला मदत करायची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘माझ्या शंभर डॉलरांतले गरजूपर्यंत किती पोचतात?’ तिकडे महाराष्ट्रातही याच प्रश्नाभोवती वाद चालू आहे. संस्था कंपनीच्या शिस्तीत चालवा, उद्दिष्टं ठरवा, खर्च कापा, असं एका बाजूचं म्हणणं. सेवाभाव एक्सेलच्या चौकटीत बसत नाही, असं दुसऱ्या बाजूचं. मला वाटतं, कार्यक्षमता म्हणजे कमीत कमी व्यवस्थापन खर्च, हे दोघांनीही गृहीत धरलं आहे आणि गफलत तिथेच आहे. कुठलीही नीट चाललेली कंपनी आपला अकाउंटंट कमी करून कार्यक्षम झालेली नाही.

आधी हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या कुठल्याही मध्यम संस्थेत असेच दिसतील. संस्थेत २४ माणसं आणि तीन प्रकल्प आहेत: पाणलोटावर १२ जण, मुलींच्या पूरक वर्गांवर ८, आरोग्यावर ४. तिन्हींचा सामायिक खर्च वर्षाला असा: अकाउंटंट ३ लाख, संचालकांच्या पगारातला देखरेखीचा वाटा २ लाख ४० हजार, कार्यालयाचं भाडं, वीज, इंटरनेट मिळून १ लाख ८० हजार, ऑडिट आणि कायदेशीर पूर्तता ९० हजार, संगणक आणि मोटारसायकलींचा घसारा ९० हजार. एकूण ९ लाख. माणशी वाटले तर ३७,५०० पडतात, म्हणजे मुलींच्या वर्गांच्या वाट्याला ३ लाख. या वर्गांचा थेट खर्च, म्हणजे शिक्षिकांचं मानधन, वह्या-पुस्तकं, प्रवास आणि खाऊ, २० लाख. खरा खर्च झाला २३ लाख. मुली २०० असतील तर एका मुलीमागे ११,५००.

आता देणगीदार म्हणतो, ‘ॲडमिनला (म्हणजे या सामायिक खर्चाला) ५ टक्क्यांच्या वर देणार नाही.’ म्हणजे २० लाखांवर १ लाख. नाही म्हटलं तर २० लाखही जातील, म्हणून संस्था मान डोलावते आणि २ लाखांचा खड्डा पडतो. अकाउंटंट अर्धवेळ होतो. दर महिन्याला चढायची ती व्हाउचरं तिमाहीला चढतात. तोवर बिलं हरवतात, पाणलोटाचं डिझेल वर्गांच्या खात्यात पडतं. विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, ज्याला सगळे ‘यूसी’ म्हणतात, दोन महिने उशिरा जातं. म्हणून पुढचा हप्ता तीन महिने उशिरा येतो आणि शिक्षिकांचं मानधन थकतं. ज्यांना दुसरीकडे काम मिळू शकतं त्या आधी जातात, आणि बहुतेक वेळा त्याच चांगलं शिकवणाऱ्या असतात. नव्या बाईंना तयार करण्यात पुन्हा दोन महिने. २ लाख वाचवले आणि २० लाखांचं काम कच्चं राहिलं.

अमेरिकेने ही चूक आधी करून पाहिली आहे. इथल्या मोठ्या संस्थांना दरवर्षी आयकर खात्याकडे ‘फॉर्म ९९०’ भरावा लागतो. त्यात खर्चाची तीन रकान्यांत वाटणी असते: कार्यक्रम, व्यवस्थापन आणि निधी उभारणी. हा फॉर्म कुणालाही पाहता येतो, त्यामुळे देणगीदार दुसऱ्या रकान्याची टक्केवारी लावून संस्था निवडू लागले. मग संस्थांनीही संचालकांच्या पगारातला जितका वाटा कार्यक्रमाच्या रकान्यात ढकलता येईल तितका ढकलला, आणि उरलेला खर्च खरोखरच कापला. जुने संगणक, अपुरी माणसं, प्रशिक्षणाला पैसा नाही. अखेर जून २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या, देणगीदारांना संस्थांची माहिती आणि मानांकन पुरवणाऱ्या तीन संस्थांनी एकत्र पत्र काढलं: केवळ या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका. डिसेंबर २०१४ पासून फेडरल सरकारच्या अनुदानांना नियम लागू झाला की संस्थेने सरकारशी स्वतंत्र दर ठरवून घेतला नसला, तरी उपकरणांची खरेदी, भाडं वगैरे वगळून उरणाऱ्या थेट खर्चावर १० टक्के अप्रत्यक्ष खर्च, म्हणजे वरच्यासारखा सामायिक खर्च, मागता येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती मर्यादा १५ टक्के झाली. अनुदान राज्य सरकारमार्फत फिरून आलं तरी राज्याला हा दर नाकारता येत नाही. वरच्या उदाहरणात ३ लाख हे २० लाखांच्या १५ टक्केच आहेत.

भारतात वारं उलट वाहतंय. परदेशी निधीच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएत, सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. शाळेतल्या शिक्षकांचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पगार त्यात धरत नाहीत, त्यामुळे बऱ्याच संस्थांना २० टक्के पुरतातही. मला जास्त घातक वाटतो तो त्याच दुरुस्तीतला दुसरा बदल: परदेशी निधी एका संस्थेने दुसरीला देण्यावर बंदी. पूर्वी एखादी मोठी संस्था निधी घेऊन दहा-बारा लहान गटांना वाटायची, हिशेब आणि ऑडिट स्वतः सांभाळायची, गट गावात काम करायचे. सामायिक कार्यालयाची ही कल्पना तर थेट व्यवसायातली. आता परदेशी पैसा हवा तर प्रत्येक लहान गटाला स्वतंत्र नोंदणी हवी, दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं हवं आणि वर्षाचं विवरणपत्रही भरायला हवं. कार्यक्षमतेचा आग्रह धरणाऱ्यांनी याविरुद्ध बोलायला हवं होतं.

सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांना कायद्याने नफ्यातून सामाजिक कामावर करावा लागणाऱ्या खर्चात, गोंधळ वेगळा आहे. २०२१ च्या नियमांत ५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेला ती लागू होत नाही. तरी तोच आकडा संस्थेच्या करारात उतरतो. संस्थांनी वाटाघाटीला बसताना नियमाची प्रत सोबत न्यावी, आणि ‘ॲडमिन’ असं एक ढोबळ शीर्षक न टाकता अकाउंटंट, देखरेख, ऑडिट यांचे वाटे प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात ओळीओळीने मांडावेत. सामायिक खर्च कशाच्या आधारे वाटला, माणसांच्या संख्येवर की कामाच्या तासांवर, तेही एका वाक्यात लिहावं.

मग व्यवसायातलं काय घेऊ नये? दुकानात पैसे देणारा आणि वस्तू वापरणारा एकच असतो. वस्तू खराब निघाली की तो परत येत नाही आणि दुकानदाराला ते कळतं. संस्थेत पैसे एक देतो आणि सेवा दुसराच घेतो, त्यामुळे देणाऱ्याला बरा दिसणारा आकडा आणि घेणाऱ्याचं भलं यांची फारकत होऊ शकते. अमेरिकेच्या १९८२ च्या रोजगार प्रशिक्षण कायद्यात प्रशिक्षण केंद्रांचं मोजमाप किती जण नोकरीला लागले आणि एका नोकरीमागे किती खर्च आला यावर होऊ लागलं. केंद्रांचा कल मग जे तसेही नोकरीला लागले असते त्यांना घेण्याकडे झुकला. सर्वांत अडलेली माणसं दाराबाहेर राहिली. आपल्याकडच्या कौशल्य प्रशिक्षणात हप्ता नोकरीला लागलेल्यांच्या आकड्याशी बांधला जातो तिथे हाच धोका आहे. कोण शिकून गेलं यासोबत कुणाला परत पाठवलं, याचीही नोंद मागितली तरच तो टळेल.

कामाचा प्रकारही बघावा लागतो. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात एका सर्जनपुढे दोन टेबलं असतात. एका टेबलावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया चालू असते, तेव्हा दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार असतो. एक संपली की मायक्रोस्कोप तिकडे वळवायचा. तयारी आणि नंतरची काळजी प्रशिक्षित परिचारिका घेतात, आणि ऐपत असलेल्यांच्या शुल्कातून बाकीच्यांचे उपचार होतात. १९७६ साली ११ खाटांवर सुरू झालेलं काम असं वाढलं. तिथे कारखान्याची शिस्त शोभते, कारण तेच काम रोज शेकडो वेळा करायचं असतं. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूतांना बाळाचं वजन घ्यायला, मिनिटाला श्वास किती ते मोजायला शिकवलं, प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद ठेवली, आणि नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांशी ताडता ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. मोजमाप सेवाभावाला मारतं असं म्हणणाऱ्यांनी ते काम पाहावं.

त्याच जिल्ह्यातलं मेंढा-लेखा हे गाव मात्र या चौकटीत बसत नाही. ग्रामसभेचे निर्णय मतदानाने न घेता सर्वसहमतीने घ्यायचे, त्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा, ही सवय गावाने १९८० च्या दशकापासून लावून घेतली. सामूहिक वनहक्क मिळाला २००९ मध्ये, आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं २०११ मध्ये. उलट सीएसआरच्या नियमांत एकाहून जास्त वर्षं चालणारा ‘चालू प्रकल्प’ही सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा. १९९० मध्ये त्या गावाचा तिमाही अहवाल मागितला असता तर त्यात बैठकांची संख्या सोडून काय लिहिता आलं असतं?

परदेशातून देणाऱ्यांनी एवढं करावं. ‘किती टक्के ॲडमिन’ ऐवजी तीन गोष्टी विचारा: एका व्यक्तीमागे पूर्ण खर्च किती, आज देणग्या थांबल्या तर किती महिने काम चालेल, आणि गेल्या वर्षी किती कार्यकर्ते सोडून गेले. राखीव निधी दिसला तर संशय घेऊ नका. वर्षाच्या उत्पन्नातले १५ टक्के शिल्लक ठेवायची मुभा भारताचा आयकर कायदाच नोंदणीकृत संस्थांना देतो. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असाल, तर ती देणगी परदेशी निधीत मोडत नाही आणि एफसीआरए नोंदणी नसलेल्या लहान संस्थेलाही देता येते. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी ठरते. भारतीय पासपोर्टवाल्यांनी म्हणूनच मोठ्या संस्थांच्या मागे न लागता तालुक्याच्या लहान संस्थांकडे बघावं. आणि आजोबांच्या नावाची खोली बांधायला ३ लाख द्यायचं मनात असेल, तर एका वर्षी ते अकाउंटंटच्या पगारासाठी देऊन पाहा, आणि तसं पत्रात स्पष्ट लिहा, म्हणजे संस्थेला तो खर्च दुसऱ्या कुठल्या शीर्षकाखाली लपवावा लागणार नाही.