प्लॉट नको, तळ हवा

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण पावणेपाचशे मीटरवर, अमेरिकेतल्या ॲरिझोनातलं फिनिक्स सव्वातीनशेवर. एका गावात वाढले, दुसऱ्यात संसार थाटला, आणि दोन्हीकडे उन्हाळा लागला की घरात विषय एकच: वर कुठं जायचं? सोलापूरचा तडाखा एप्रिल-मेपुरता, जूनमध्ये निदान आभाळ तरी येतं. फिनिक्स सप्टेंबर सरेपर्यंत भाजून काढतं. 2023 साली 30 जून ते 30 जुलै असे सलग 31 दिवस इथला पारा रोज 43 अंशांच्या वर गेला. अशा गावात राहून थंड हवेच्या ठिकाणांबद्दल काही मत नसणं अवघडच.

ते मत आता मांडायचं कारण ‘नवीन महाबळेश्वर’. ज्यांनी हा वाद जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सातारा, पाटण आणि जावळी तालुक्यांतल्या 235 गावांच्या परिसरात नवं गिरिस्थान उभारायचं, आणि त्याचं नियोजन रस्ते विकास महामंडळाने करायचं, असा हा प्रकल्प. 2024 मध्ये त्याचा मसुदा लोकांपुढे हरकतींसाठी आला. बाजूने बोलणारे म्हणतात, मुंबईला गेलेली पोरं गावी परततील, जुन्या महाबळेश्वरावरचा ताण हलका होईल. विरोधातले लोक पश्चिम घाटावरचा गाडगीळ समितीचा 2011 चा अहवाल पुढे करतात, आणि जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यातल्या आंबेघर आणि मिरगावात दरडी कोसळून माणसं गेली, त्याची आठवण करून देतात. सोलापुरातला माझा मामेभाऊ तिसऱ्याच बाजूचा आहे. त्याला तिकडे प्लॉट घ्यायचाय.

“ताई, तुला काय जातंय बोलायला,” तो फोनवर म्हणाला. “इथं रात्री दोन वाजता पंखा गरम हवा फेकलालाय. आपलं हक्काचं छप्पर वर असलं तर आई-पपांना महिनाभर ठेवता येईल की.”

त्याची गरज खरी आहे. पण त्या गरजेला प्लॉट हेच उत्तर आहे, हे मला पटत नाही. त्याचं कारण आमच्या दारात उभं असतं: फायबरचा तेरा फुटी छोटा ट्रेलर. आत पलंग होणारं टेबल, दोन शेगड्या, हातभर मोरी. उन्हाळ्यात आम्ही तो गाडीला जोडतो आणि वर जातो.

वर म्हणजे किती वर, हे आधी ठरवावं लागतं. हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरतात, असा ढोबळ हिशोब. फिनिक्सहून पेसनमार्गे मोगोयॉन रिम नावाच्या कड्यावर गेलं की आपण सुमारे तेवीसशे मीटरवर असतो. खाली त्रेचाळीस असतील तर तिथं तीसच्या आसपास. अजून पूर्वेला व्हाइट माउंटन्समध्ये बिग लेक नावाचं तळं आहे, सत्तावीसशे मीटरवर, तिथं जुलैतही रात्री स्वेटर लागतो. अर्थात उंचीची किंमत असते. टर्बो नसलेलं इंजिन दर तीनशे मीटरला तीनेक टक्के जोर गमावतं, त्यामुळे शेवटच्या चढावर उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे गुपचूप राहायचं. आणि वर पाणी एक्याण्णव अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी दाणे वेगळेच. कुकर घरी विसरला तर तीन दिवस पिठलं. आमच्या शिट्ट्या ऐकून शेजारचे लोक काही बिघडलंय का म्हणून विचारायला येतात, आणि वाटीभर आमटी घेऊन जातात.

ट्रेलर लहान असण्याचा खरा फायदा जागा शोधताना कळतो. 1930 च्या दशकातल्या महामंदीत सरकारने बेकार तरुणांना कामाला लावून जंगलांत मुक्कामाच्या जागा बांधून घेतल्या. अशा जुन्या जागांवर झाडांच्या मधून वळणारा एकेरी रस्ता, आणि ‘सोळा फुटांपेक्षा लांब ट्रेलर नको’, ‘बावीसपेक्षा लांब नको’ अशा अटी. तीस-चाळीस फुटी धूड घेऊन येणारे फाटकावरूनच परततात. आम्ही आत शिरतो. मागे घेण्याचं काम माझं, नवरा मागे उभा राहून हात दाखवतो. स्टिअरिंग खालच्या बाजूला धरायचं. हात डावीकडे नेला की ट्रेलरचं बूड डावीकडे जातं. एवढं ध्यानात ठेवलं की पाइनच्या दोन बुंध्यांमधूनही तो बसवता येतो. मग एका चाकाखाली ठोकळे सरकवून जमिनीचा उतार मारायचा, कारण गॅसवरचा फ्रिज सपाटीवर नसेल तर नीट चालत नाही.

बुकिंग करायचं तर सहा महिने आधी. जुलैच्या तारखा जानेवारीत सकाळी आठला उघडतात. सोलापुरात सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरायच्या दिवसांत मी संगणकापुढे बोटं सरसावून बसलेली असते. सुट्टीच्या आठवड्यातल्या जागा बघता बघता संपतात. पण काही जागा मुद्दाम बुकिंगविना ठेवलेल्या असतात. गुरुवारी दुपारी पोचायचं, रिकामी दिसली ती धरायची. तिथं माणूस नसतोच. एक जाड लोखंडी नळी रोवलेली, शेजारी पाकिटांचा डबा. पाकिटावर गाडीचा नंबर लिहायचा, वीस-पंचवीस डॉलर आत घालून नळीत टाकायचं, फाडलेला तुकडा जागेच्या खांबाला अडकवायचा. झालं चेक-इन.

आणि तेही नको असेल तर वनखात्याचे कच्चे रस्ते आहेत. कुठल्या रस्त्यावर गाडी नेता येते, कडेला कुठं मुक्काम करता येतो, हे दाखवणारे नकाशे फुकट मिळतात. पैसे नाहीत, नळ नाही, संडास नाही. बहुतेक जंगलांत चौदा दिवसांची मर्यादा. तिथं माझा नियम एकच: ट्रेलर आत घालण्याआधी पायी चालत शेवटपर्यंत जाऊन वळायला जागा आहे का ते बघायचं. पाऊस पडला की तिथली माती साबणासारखी होते, आणि जुलैपासून दुपारी वीज-पाऊस ठरलेला, त्यामुळे कड्याच्या टोकाला देखाव्याच्या मोहाने तळ ठोकायचा नाही. त्याआधीचा जून कोरडा ठणठणीत. वणव्याच्या भीतीने शेकोटीवर बंदी येते, कधी अख्खं जंगलच बंद होतं. पाण्याच्या बाबतीत मात्र सोलापूरकराला तिथं शिकवणी लागत नाही. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात वाढलेल्या बाईला पंचेचाळीस लिटरच्या टाकीत तीन दिवस काढणं म्हणजे काही पराक्रम नाही. शेंगाचटणीचा डबा तेवढा रात्री गाडीत कुलपात जातो. अस्वलांना वास लागतो.

हे सगळं इतकं तपशिलात सांगितलं, कारण त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट एरवी दिसत नाही. रिमवर मी बंगला घेऊ शकत नाही. मीच काय, मोठ्या जंगलांच्या आत कुणीच सहसा घेऊ शकत नाही. ॲरिझोनातली सुमारे 39 टक्के जमीन केंद्र सरकारची आहे. कड्यावरची थंड हवा विकायला काढलेली नाही, म्हणून तर ती मला वीस डॉलरात रात्रभर मिळते. प्लॉट पाडले असते तर पहिल्या शंभरांनी कुंपणं घातली असती आणि बाकीच्या लाखोंना रस्त्यावरून बघून परतावं लागलं असतं. महाबळेश्वर-पाचगणीला 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा दर्जा असूनही मे महिन्यात पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते. तिथं रात्रीला चांगली खोली किती पडते, ते सोलापूरच्या मध्यमवर्गीयाला माहीत आहे. आता तापोळ्याच्या, बामणोलीच्या बाजूला तेच होऊ घातलंय. कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणी गावच्या जमीनखरेदीचं प्रकरण 2024 मध्ये गाजलं, ते काही उगाच नाही.

पण अमेरिकेचे गोडवे गाऊन थांबणं अप्रामाणिकपणाचं होईल. ती सरकारी जमीन सरकारला आभाळातून मिळालेली नाही. व्हाइट माउंटन्सचा मोठा भाग आजही अपाची लोकांचा आहे, तिथं राहायचं तर त्यांचा परवाना काढावा लागतो. उरलेली जंगलंही एकेकाळी त्यांचीच होती. आणि जे सरकारचं आहे ते विकायची खुमखुमी तिकडेही येतेच. जून 2025 मध्ये सिनेटमध्ये पश्चिमेकडची लाखो एकर सार्वजनिक जमीन विकायचा प्रस्ताव आला होता. शिकारी, गिर्यारोहक, ट्रेलरवाले, उजवे-डावे सगळे एकदम उसळले, तेव्हा कुठं तो मागे घेतला गेला.

आणि वर जाणारे कोण? ज्यांच्याकडे ओढायला गाडी आहे, पेट्रोलचे पैसे आहेत, रजा आहे. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं तिथं 2023 साली उष्णतेशी संबंधित 645 मृत्यू नोंदले गेले. त्यांत रस्त्यावर राहणारे बरेच होते. अडीच तासांवर गार जंगल होतं. त्याचा त्यांना काडीचा उपयोग झाला नाही.

म्हणून ट्रेलर सोलापूरला आणा, असं मी म्हणत नाही. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा इथल्या मराठी मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मला त्यात फार काही दिसलं नाही. ड्रायव्हरसकट भाड्याने घेतलेली एसी गाडी रिसॉर्टच्या आवारात लावायची, म्हणजे चाकं लावलेली हॉटेलची खोलीच ती. केळघरच्या घाटात समोरून एसटी आली की दोघांची पंचाईत. दुसरीकडे पवना धरणाच्या काठावर तंबूंच्या रांगा लागल्या, रात्रभर स्पीकर, सकाळी बाटल्या. एकीकडे श्रीमंती, दुसरीकडे धुडगूस, आणि मधलं काहीच नाही. मधलं म्हणजे मुक्कामाचा तळ: सपाट केलेली जमीन, नळ, स्वच्छ संडास, रात्री शांतता, ठरावीक दिवसांची मर्यादा आणि परवडणारी पावती.

हे आपल्याला जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी सोलापूर जिल्ह्यातच आषाढात फिरावं. माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी इथं माउलींच्या पालखीचे तळ आहेत. एका रात्रीत लाखभर माणूस येतं, टँकर येतात, फिरते संडास लागतात, तंबू ठोकले जातात, सकाळी पालखी हलते. वारकरी तिथं गुंठा मागत नाही. तो जमिनीवर एक रात्र मागतो, आणि पुढच्या वर्षी जमीन तशीच मोकळी असते. घाण मागे राहते हे खरं, आणि त्यावर ओरडही दरवर्षी होते. पण मुक्कामासाठी जागा मोकळी राखायची, तिच्यावर बांधायचं नाही, हा विचार आपल्याला नवा नाही.

दुसरं उदाहरण कासचं. 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा मिळाला तेव्हा त्यात कासचं पठारही आलं. फुलांच्या हंगामात तिथं गावांच्या समित्या वनखात्यासोबत व्यवस्था बघतात, बुकिंग असतं, रोज किती माणसं सोडायची याला आकडा असतो. त्यात त्रुटी आहेत, गर्दीची तक्रार आहे. तरी पावतीचे पैसे गावापर्यंत पोचतात, आणि जमीन कुणाच्या नावावर चढत नाही. त्या 235 गावांतल्या पोरांना परत आणायचं असेल तर त्यांना बंगल्याचे वॉचमन करण्यापेक्षा तळाचे मालक करा, एवढंच माझं म्हणणं आहे. सामायिक जमिनीवर, गावाच्या ताब्यात, एसटी थांब्यापासून चालत जाता येईल अशा जागी. ज्याच्याकडे गाडी असेल त्याने गाडी आणावी, नसेल त्याने भाड्याच्या तंबूत झोपावं.

हे मामेभावाला सांगितलं तर तो हसला. पण त्याच्या बायकोने, माझ्या वहिनीने, फोन घेऊन मला निरुत्तर केलं. ती कुंभारीच्या रे नगरात शिकवणी घेते. विडी कामगार, यंत्रमागावर राबणारी माणसं, असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची ही वसाहत. “ताई, माझ्या पोरींच्या आया मेमध्ये दुपारी उंबऱ्यात बसून विड्या वळतात. त्यांना तुमचा तळ पण नको आणि ह्यांचा प्लॉट पण नको. त्यांना सावली पाहिजे.”

तिचं खरं आहे. झाडं, छतांना पांढरा रंग, रोजचं पाणी, दुपारच्या कामाच्या वेळा, हे सोलापुरातच करायचं आणि आधी करायचं. फिनिक्सनेही ते वेळेत केलं नाही. डोंगरावर किती तळ व्हावेत हा त्यानंतरचा प्रश्न, आणि तोही पर्यटकांच्या मागणीवर सोडू नये. ॲरिझोनात लोक वर जातात त्याच हंगामात निदान दुपारी पाऊस येतो. सह्याद्रीत उलटं आहे: जून ते सप्टेंबर पाच हजार मिलिमीटरहून जास्त कोसळतं, तेव्हा वर कुणी तंबू ठोकू नये, आणि आपल्याला गारवा हवा असतो त्या मेमध्ये कोयनेच्या वरच्या वाड्यांमध्ये बायका हंडे घेऊन झऱ्यावर रांगेत असतात. तेव्हा आराखड्याबद्दल पहिली मागणी ही असावी: प्रत्येक गावाने आपल्या झऱ्याचं मेमधलं पाणी मोजावं, आधी वाडीचं, मग गुरांचं काढून ठेवावं, आणि उरेल त्यावर जागांचा आकडा ठरवावा. काही गावांत तो आकडा दहा येईल, काहींत शून्य.