भाऊबीज, दोन खाड्या आणि एमएच १२

सासर श्रीवर्धन, माहेर गुहागर, पोटापाण्याला पुणे. त्यामुळे दर दिवाळीत सावित्री आणि वाशिष्ठी अशा दोन खाड्या ओलांडल्याशिवाय भाऊ काही भेटत नाही. बागमांडल्याला पहिली जंगलजेट्टी (गाड्या नेणारी बोट), वेश्वीला उतरून मंडणगड, दापोली, दाभोळ, तिथे दुसरी. धोपाव्याला उतरलं की आलंच घर. एरवी सकाळी निघालं की उशिराच्या जेवणाला माहेरी. यंदा भाऊबीजेला जोडून सुट्ट्या आल्या आणि अख्खा महाराष्ट्र आमच्याच रस्त्याला लागला.

बागमांडल्याला रांग वळणापलीकडे गेलेली. ओहोटी होती, धक्क्याचा उतार शेवाळलेला. पुढच्या नव्याकोऱ्या गाडीवाल्याला रिव्हर्स घेत बोटीवर चढायचा धीर होईना. खलाशी पोरगा बॉनेटवर थाप मारत होता, "येऊ द्या, येऊ द्या, अजून... बास! गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा!" गाड्या इतक्या खेटून लावल्या की आमचं दारच उघडेना. अनारशांचा डबा मांडीवर घेऊन मी सावित्री आतूनच बघितली. पलीकडे अर्धवट पुलाचे खांब. हा पूल ज्यातला, त्या रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं नाव आम्ही माजी मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ऐकतोय.

मंडणगड-दापोली रस्त्याबद्दल काय सांगू? कंबर अजून दुखतेय.

दाभोळला पोचेपर्यंत उन्हं कललेली. इथेही रांग, आणि आमच्यापुढे दोन गाड्या सोडून एक रिक्षा. आत आजी, दापोलीच्या दवाखान्यातून पायाला प्लास्टर घालून वेलदूरला घरी निघालेली. वेलदूर म्हणजे समोरचा काठ, बसल्या जागेवरून दिसतो. रिक्षावाला पुढच्या गाडीवाल्याला विनवत होता, "आजीला पाय लांब करता येत नाहीये, तेवढं सोडा." त्यावर उत्तर काय, तर "आम्ही पण दोन तास उभे आहोत, आमच्या गाडीत लहान मुलं आहेत." मीही गप्पच बसले होते, हे कबूल करते. मलाही ओवाळणीची घाई होती. शेवटी धक्क्यावरच्या पोरांनीच दोन गाड्या मागे घ्यायला लावून रिक्षा पुढे काढली, तेव्हा मागून हॉर्न सुरू झाले.

माझं म्हणणं एवढंच आहे. सुट्टीच्या दिवसांत प्रत्येक फेरीला दोन-तीन गाड्यांची जागा गावच्या माणसांसाठी ठेवा. मासळीचा टेम्पो, पेशंटची रिक्षा, शाळेचा मास्तर. आपल्याला ही बोट म्हणजे सेल्फी आणि सीगल. त्यांना ती एसटी आहे. २००३ साली इथे गाड्या नेणारी बोट सुरू झाली. त्याआधी गाडी घेऊन गुहागरला जायचं तर खेड-चिपळूणचा वळसा. आम्ही पोरं लाँचमधून यायचो, पिशव्या डोक्यावर, आणि पलीकडे एसटीची वाट बघत बसायचो. ही बोट गावाच्या गरजेपोटी आली. पर्यटक मागाहून आले, त्यांनी यावंच, त्यांच्या पैशावर फेऱ्या वाढतात हेही खरं.

आता कोणी म्हणेल, गावचा कोण हे ठरवणार कसं? नंबरप्लेट बघून मुळीच नको. माझ्या गाडीवर एमएच १२ आहे! तरी मी आपलं हसून त्या तिकीटवाल्या दादाला सांगून बघितलं, "दादा, माहेरवाशीण आहे हो, गुहागरची."

"ताई, आज या रांगेत निम्म्या गाड्या माहेरवाशिणींच्याच आहेत. तुम्हाला सोडलं तर बाकीच्या मला ओवाळतील का?"

बरोबर होतं त्याचं. धक्क्यावरच्या पोरांना वेलदूरची आजी कोण आणि पुण्याची ताई कोण, हे नेमकं कळतं. त्यांच्यावर सोपवा, आणि आपण हॉर्न वाजवू नका, बस.

अंधार पडायला लागला, तेव्हा मला लहानपणची लाँच आठवली आणि डोक्यात प्रकाश पडला. रांग गाड्यांची होती, पायी जाणाऱ्याला कोण अडवतंय? गाडी आणि नवरा दोन्ही रांगेत सोडले, तबकाची पिशवी आणि अनारशांचा डबा उचलला, तिकीट काढलं आणि समोर लागलेल्या बोटीवर चालत चढले. पलीकडे भाऊ मोटरसायकल घेऊन उभा होता.

नवरा साडेनवाला पोचला. दारातूनच विचारतो, "ओवाळून झालं असेल तर जेवायला वाढा."