चाल : पारंपरिक

परवा एका तालुक्याच्या गावी भावगीतांच्या कार्यक्रमाला पेटीवर साथीला होतो. तिसरं गाणं आमच्या सरांचं. शब्द दुसऱ्या एका शिक्षकांचे, चाल सरांची. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी बांधलेली, पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी. निवेदिकाबाईंनी कार्ड उलटलं आणि गोड आवाजात वाचलं, "चाल पारंपरिक."

सर तिसऱ्या रांगेत बसले होते.

मध्यंतरात मी तणतणत त्यांच्याकडे गेलो, तर म्हणाले, "अरे, जिवंतपणी पारंपरिक झालो म्हणजे पास झालो की! बाकीच्यांचं मेल्यावर वीसेक वर्षांनी होतं." आणि चहाचा कागदी कप हातात धरून हसत बसले. मला काही हसू आलं नाही.

त्या चालीत परंपरेनं आयतं दिलेलं फार थोडं आहे. मुखडा भीमपलास रागात. अंतऱ्याला मात्र पंचम (प) गाळून सर धैवतावर (ध) येऊन थांबतात, आणि तेवढ्यापुरती बागेश्री रागाची सावली पडते. लगेच पंचमावर उतरून परत भीमपलास. एवढीशी जागा. त्यांच्या वहीत तिथं धैवतापुढं दोन अवग्रह (सूर लांबवायची ‘ऽ’ खूण) काढलेत, आधीचे दोन पर्याय खोडलेत, आणि खोडरबरानं कागद विरून गेलाय. त्या दिवशी कीबोर्डवाल्या पोरानं तो थांबाच खाऊन टाकला. त्याचा तरी काय दोष? यूट्यूबवर कुणीतरी तसंच गायलंय. चाल करणाऱ्याचं नावच गेलं, की ती जागा अशी का, हे विचारायला माणूस उरत नाही.

आपला हा मिरज-सांगली-कोल्हापूरचा पट्टा गाण्याचा, असं आपण छातीठोकपणे सांगतो. खोटं नाही ते. कोल्हापूरचा देवल क्लब, गाण्याची संस्था, १८८३ पासूनचा. गायक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँसाहेब १९३७ ला गेले. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं, आणि उरुसात तिथं अजून गाणं होतं. विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे, शिकले मिरजेत बाळकृष्णबुवांकडे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गाणाऱ्याची, ऐकणाऱ्याची, वाद्य करणाऱ्याची अशी सगळ्यांची नोंद आहे. चाल बांधणाऱ्याची?

तुम्ही म्हणाल, संगीतकार गोविंदराव टेंबे आपलेच. आहेतच. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडा, पदाच्या डोक्यावर ‘चाल –’ लिहून पुढं आधीच्या एखाद्या गाण्याचे शब्द दिलेले असतात. म्हणजे चाल उसनी, आणि ते उघड सांगायची पद्धत. टेंब्यांनी १९११ मध्ये ‘मानापमान’ नाटकाला चाली दिल्या, तेव्हा चाल देणारा वेगळा माणूस असतो हे लोकांना नावानिशी कळायला लागलं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला कोल्हापुरात निघाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. तेव्हापासूनची आपली रीत अशी, की ज्याला चालीत नाव करायचं त्यानं एसटी नाहीतर रेल्वे धरायची. सुधीर फडकेही कोल्हापुरातच जन्मले. जे गेले त्यांची नावं राहिली. जे शाळेत, भजनी मंडळात, हौशी नाटकात, आकाशवाणीच्या सुगम संगीतात इथंच चाली लावत राहिले, ते पारंपरिक झाले! आकाशवाणीवर निदान गाण्याआधी कवी आणि संगीतकाराचं नाव घ्यायची शिस्त होती. मोबाईलवरच्या क्लिपला तीही नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: आपल्याकडं कलाकार नाव मागत नाही, तो अर्पण करतो. हे मला अजिबात पटत नाही. तुकोबा अभंगात ‘तुका म्हणे’ घालतात. ख्याल रचणारा सदारंग बंदिशीत ‘सदारंग’ घालतो, आग्रा घराण्याचे फैयाजखाँ ‘प्रेमपिया’ घालतात. अशी मुद्रा, म्हणजे रचनेतच आपलं नाव, घालायची तर आपली मुरलेली सवय! अडचण एवढीच, की मुद्रा शब्दात बसते, सुरात बसत नाही. चाल बिचारी मुकी.

कायद्यालाही हे उशिरा उमगलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘संगीतकृती’ म्हणजे स्वरलिपीत उतरवलेली, अशी व्याख्या होती. नुसत्या गळ्यात असलेल्या चालीला त्यात जागा नव्हती. १९९४ च्या दुरुस्तीनं ती अट गेली. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमातल्या संगीतकाराला आपला रॉयल्टीचा वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही. हक्कासाठी नोंदणीची सक्ती नाही, आणि तो हयातभर आणि पुढं साठ वर्षं टिकतो. सगळं छान आहे. पण चाल आपली, हे दाखवायला तारखेची वही तरी लागते ना? रॉयल्टी गोळा करणारी संस्था मुंबईत आहे, १९६९ पासून. आमच्याकडच्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला ती ठाऊक असण्याचं काही कारणच नाही.

म्हणून चालकारांची संघटना हवी, असं मी म्हणतो, आणि ती जिल्ह्यातच हवी. सरकारी मात्र नको. सोव्हिएत रशियात १९३२ च्या फर्मानानंतर संगीतकारांचे संघ झाले, प्रांतोप्रांती शाखा निघाल्या, विश्रामगृहं, निधी, सगळं आलं. आणि १९४८ मध्ये त्याच व्यवस्थेनं शोस्ताकोविचसारख्या मोठ्या संगीतकाराला जाहीर झाडलं. फुकट खोली देणारा पुढं सूरही सांगतो.

बिनसरकारी प्रयत्न आम्हीही एकदा केला होता. नऊ जण जमलो. पहिल्या बैठकीत चार नव्या चाली ऐकल्या. एका कीर्तनकार काकांनी साकी (कीर्तनातला एक पद्यप्रकार) अशी फिरवली होती की सर उठून उभे राहिले. दुसऱ्या बैठकीत लेटरहेडचा रंग ठरला. तिसऱ्या बैठकीत अध्यक्ष कोण, आणि उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांना शाल कोण देणार, यावर दोन तट पडले. चौथी बैठक झाली नाही. लेटरहेडचा गठ्ठा माझ्याकडं आहे, मागच्या बाजूला मुलगी गणितं सोडवते.

त्यातून मी शिकलो ते इतकंच, की अध्यक्ष नको, शाल नको, पाहुणा तर नकोच. महिन्यातून एकदा बसायचं. ज्यानं त्यानं आपली एक चाल म्हणायची, नवी किंवा कधीच नावानिशी न लागलेली. बाकीच्यांनी ‘वा’ म्हणून सोडून द्यायचं नाही, कुठं अडखळलं ते सांगायचं. गावात आपल्याला नेमकं हेच कुणी सांगत नाही. मग मोबाईलवर ध्वनिमुद्रण. स्वरलिपी येते त्यानं न येणाऱ्याची लिहून द्यायची. लिहायची पद्धत भातखंड्यांची की पलुसकरांची, यावर भांडायचं असेल तर बाहेर कट्ट्यावर. वर तारीख, खाली सही.

सरांच्या तीन वह्यांचे फोटो काढून झालेत, चौथी सुरू आहे. पेन्सिल पुसट झालीय, काही पानं उन्हात धरून वाचावी लागतात. परवाच्या गाण्याच्या पानावर वर फक्त ‘४ थी ड, गॅदरिंग’ असं लिहिलंय. मी म्हटलं, "सर, इथं नाव घाला की आता." म्हणाले, "लाज वाटते रे." मग बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि शेवटी आद्याक्षरं घातली.

येत्या महिन्यापासून दुसरा रविवार, संध्याकाळी पाचला. पत्ता इनबॉक्समध्ये विचारा. पेटी आणू नका, आहे. वही आणा. ज्यांचे वडील-आजोबा चाली लावायचे, त्यांनी रद्दी द्यायच्या आधी ट्रंक बघा.