अनवटाला ऐकणारा हवा

मागच्या ऑगस्टमध्ये हॅम्बुर्गला लेकीकडे होतो. तिनं एका छोट्या सभागृहात पियानोच्या मैफलीला नेलं. शोपाँ नाही, लिस्ट नाही, म्हणजे तिकडचे नेहमीचे रचनाकार नाहीत. रशियाचा मेटनर आणि फ्रान्सचा आल्काँ. चाळीस वर्षं पेटी वाजवतोय, पण ही नावं तिथंच पहिल्यांदा वाचली.

मेटनरचा ‘सोनाटा रेमिनिसेंझा’ अगदी हळू सुरू झाला. पेटीत भात्यावर सूर धरून ठेवता येतो. पियानोत पट्टी दाबली की सूर विरायलाच लागतो. तो विरता सूर पुढच्याला कसा जोडायचा, हे मी वादकाच्या बोटांकडे बघत बसलो. मग आल्काँच्या १८५७ च्या, एकट्या पियानोसाठीच्या कन्चेर्टोचा पहिला भाग. कन्चेर्टो म्हणजे एरवी एक वाद्य आणि सोबत ऑर्केस्ट्रा; इथं ऑर्केस्ट्राही पियानोनंच व्हायचं! जवळजवळ अर्धा तास. वादकाचा सदरा पाठीला चिकटला होता आणि एक माणूस जागचा उठला नाही.

लेकीनं नंतर सांगितलं ते ऐकून तर भरून आलं. मेटनर रशिया सोडून लंडनला राहिला, तेव्हा त्याच्या रचना ध्वनिमुद्रित व्हाव्यात म्हणून पैसा दिला म्हैसूरच्या जयचामराज वाडियार महाराजांनी. तिसरा कन्चेर्टो त्यानं महाराजांनाच अर्पण केला. आणि उत्तर जर्मनीतल्या हूसुम नावाच्या, आपल्या बेळगावपेक्षा कितीतरी लहान गावात १९८७ पासून फक्त अशा दुर्मिळ पियानो रचनांचा महोत्सव भरतो.

आपल्याकडे काय कमी आहे? इथं रामभाऊ विजापुऱ्यांनी पेटी शिकवली, शेजारच्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले. तरी गेल्या वर्षी एका मैफलीत मी साथीला असताना गायिका संपूर्ण मालकंस, म्हणजे नेहमीच्या मालकंसात नसलेले रिषभ-पंचमही घेणारा अनवट राग, गाणार म्हणाली, तर संयोजक म्हणतात, “मालकंसात रिषभ-पंचम ऐकून लोकांना वाटेल बाई चुकल्या. बागेश्री गा, मग दोन अभंग.” ती बागेश्री गायली, सुरेखच गायली. पण महिनोन्‌महिने घोटलेला राग तसाच गळ्यात घेऊन घरी गेली. लोकांना झेपणार नाही हे लोकांना न विचारताच ठरवून टाकायचं, याचा मला फार राग येतो.

येत्या शनिवारी रात्री साडेआठला ती आमच्या शहापूरच्या घरी संपूर्ण मालकंस गाणार आहे. सोप्यात तीस माणसं सहज बसतील. ज्यांना माझं घर माहीत आहे त्यांनी या, सोबत एखाद्या नवख्यालाही आणा. पेटीवर मी आहेच.