ओला चमचा घालणाऱ्यांनो!
केकचं कोरडं मिश्रण घरी करून ठेवलं की वेळ वाचतो, पैसे वाचतात. मान्य! पण ती बरणी सुखानं राहू देतंय कोण? रविवारी तासभर खपून मैदा, साखर, मीठ, बेकिंग पावडर तीनदा चाळून भरली. कपभर मैद्याला 1 छोटा चमचा पावडर, अगदी सपाट मोजून. आणि बुधवारी बघते तर आत ओला चमचा! भोवती मैद्याचा घट्ट गोळा.

अहो, बेकिंग पावडरला पाणी लागलं की ती तिथंच फसफसून मोकळी होते. मग ओव्हनमध्ये फुगायला उरतं काय? थोडं मिश्रण गरम पाण्यात टाकून पाहिलं. दोन बुडबुडे आले, तेही उपकार केल्यासारखे. तरी हट्टानं केक केला. केक कसला, पाट झाला पाट! वर विचारतात, "या वेळी फुगला नाही का गं?"

तारखेची चिठ्ठी लावली होती, ती कुणीतरी फोन नंबर लिहायला सोलून नेली. मागच्या खेपेला तर याच पिठानं सूप दाट केलं होतं. गोड लागलं म्हणून बोलणी कुणी खाल्ली? मीच.

आता बरणी कपड्यांच्या कपाटात लपवलीय. काल तिथंही चमचा सापडला.