पुन्हा नकाराधिकार!

झालं, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची आणखी एक तातडीची बैठक! पंधरा जण बसणार, ‘तीव्र चिंता’ व्यक्त करणार आणि पाच कायम सदस्यांपैकी (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स) एकाचा जरी हात विरोधात वर गेला, म्हणजे नकाराधिकार वापरला, की मुसळ केरात.

फेब्रुवारी २०२२ आठवतोय? युक्रेनवर हल्ला रशियाचा, निषेधाच्या ठरावाला नकाराधिकार रशियाचा आणि त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपदही रशियाकडेच! (आपण तटस्थ. ते दुखणं वेगळंच.) डिसेंबर २०२३ मध्ये गाझातलं युद्ध थांबवा म्हणून तेरा देश ‘हो’ म्हणाले, एकटी अमेरिका ‘नाही’ म्हणाली. संपला विषय!

१९४५ साली युद्ध जिंकलं म्हणून या पाच जणांनी अजून किती पिढ्या पाटीलकी मिरवायची? अख्ख्या आफ्रिकेला एक कायमची खुर्ची नाही! मग बैठका घेता कशाला? चहा चांगला मिळतो का तिथे?